हार्टसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या कोकण विभागीय सल्लागार मंडळावर बोलावलंय, जाऊ का?

कुडाळची_बाई

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, घरात दोन मतं पडलीयत म्हणून बाहेरच्या चार माणसांचं ऐकावं म्हटलं. मी कुडाळ तालुक्यातल्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवायचे, आता रिटायर झालेय. मुंबईची एक संस्था आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. हृदयविकारावर काम करतात, गरीब पेशंटला ऑपरेशनला मदत, बीपी-शुगरची शिबिरं, कॉलेजात सीपीआर शिकवणं असं सगळं चालतं. ते आता कोकणासाठी वेगळं विभागीय सल्लागार मंडळ करतायत, रायगड रत्नागिरी सिंधुदुर्ग मिळून, आणि त्यात मी यावं म्हणून पत्र आलंय.

मीच का, तर शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी तपासणीला यायची तेव्हा याद्या करणं, पालकांना बोलावणं हे सगळं माझ्याकडे असायचं. आठवीत एक मुलगी होती. जिना चढून वर्गात आली की बाकावर डोकं टेकून बसायची, पहिला तास अर्धा संपला तरी धाप थांबायची नाही. त्याच्या आदल्या वर्षी तिचे सांधे सुजायचे, आज गुडघा तर चार दिवसांनी घोटा, आणि घरचे म्हणायचे वाढतं वय आहे, चालायचंच. गाडीवरच्या डॉक्टरांनी स्टेथो लावला तो बराच वेळ काढलाच नाही. मग टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातली एक झडप, खराब निघाला, रुमॅटिक फिवरचा परिणाम म्हणाले. घशाचा एक प्रकारचा जंतुसंसर्ग, त्याला वेळेवर औषध झालं नाही तर काही मुलांमध्ये ते दुखणं सांध्यांवरून हृदयापर्यंत पोचतं, आणि हे शिक्षकांच्या एकाही प्रशिक्षणात कधी कोणी सांगितलेलं नव्हतं. तेव्हापासून मी घसा दुखणाऱ्या पोरांच्या मागे लागायचे, हे बहुतेक कोणीतरी संस्थेच्या कानावर घातलं असावं.

आता शंका. पत्रासोबत बाकीच्या सदस्यांची यादी आलीय. दोन कार्डिओलॉजिस्ट, एका खासगी हॉस्पिटलचे संचालक, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) आणि व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या एजन्सीचे मालक, एक माजी आमदार, दोन उद्योजक आणि मी. पेशंट किंवा पेशंटच्या घरचं कोणीही नाही. बैठका वर्षातून दोन, दोन्ही मुंबईत. काम काय, तर "मार्गदर्शन करणे". मिस्टर म्हणतात उद्या पैशाची काही भानगड निघाली तर तुझं नाव पेपरात येईल. मुलगा म्हणतो लेटरहेडवर एक बाईमाणूस आणि एक ग्रामीण माणूस हवा, तुझ्यात दोन्ही भागलं. मला मात्र मनापासून वाटतं की काम होण्यासारखं आहे, आमच्याकडे हार्टचा पेशंट म्हणजे अजून गोव्याच्या बांबोळीतल्या सरकारी मेडिकल कॉलेजचा रस्ता हेच खरं. अशा मंडळावर कोणी बसलंय का? सदस्य नेमका काय करतो आणि हो म्हणायच्या आधी काय विचारू?

हिशेबनीस_पुणे

बाई नमस्कार. मी सीए, ट्रस्टची ऑडिटं करतो, म्हणून मिस्टरांच्या शंकेचं आधी बघू. सल्लागार मंडळ म्हणजे विश्वस्त मंडळ नव्हे. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेली असेल तर विश्वस्तांची नावं धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट एकवर असतात, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. सल्लागाराचं नाव तिथे चढत नाही, संस्थेच्या पैशाची जबाबदारी विश्वस्तांची. पण हे तुम्ही फक्त सल्ला देताय तोवर. चेकवर सही, खात्यात नाव, देणगीची रोकड स्वतःकडे ठेवणं यातलं काही सुरू झालं की प्रश्न तुम्हालाच विचारणार. गावात तुम्हाला मान आहे, लोक रस्त्यात थांबवून "बाई हे तुमच्या संस्थेला" म्हणून पैसे हातात ठेवतील, पावतीपुस्तक समोर नसेल तर हात लावू नका. तसंही २,००० च्या वर कॅश दिली तर देणाऱ्याला आयकरात देणगीची सवलत मिळत नाही, तेव्हा चेक किंवा ऑनलाइनच सांगायचं.

हो म्हणायच्या आधी मागायचं ते एवढंच. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, आणि त्यातलं परिशिष्ट नऊ म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक उघडून बघा. ट्रस्टच्या उद्दिष्टांवर झालेला खर्च तिथे वेगळा दाखवावा लागतो आणि त्यात वैद्यकीय मदतीची ओळ असते. ती ओळ आणि आस्थापना खर्चाची ओळ शेजारी शेजारी ठेवा, विज्ञानाच्या बाईंना समजावून सांगायला नको. दुसरं, नेमणुकीचं पत्र, त्यात मुदत आणि काम लिहिलेलं. "मार्गदर्शन करणे" हे काम नाही. बैठकीचं इतिवृत्त लिहितात का, मंडळाने दिलेला सल्ला विश्वस्तांनी मानला नाही तर कारण कळवतात का, हेही विचारा. आणि तुमचा फोटो-नाव कुठे वापरणार ते तुम्हाला दाखवल्याशिवाय छापायचं नाही, हे पहिल्याच दिवशी मेलवर घ्या.

सिस्टर_कणकवली

बाई तुम्ही जा. पण ती यादी बघून माझं डोकं फिरलं म्हणून लिहितेय. मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात तिथे, आणि आयसीयूत काम केलंय, स्टेंट पुरवणारा माणूस सल्लागार मंडळावर कशाला हवा हो? फेब्रुवारी २०१७ ला सरकारने स्टेंटच्या किमतीला लगाम घातला, औषध लावलेला २९,६०० आणि साधा ७,२६०, त्याच्या आधी एकेका स्टेंटचे लाखाच्या वर मोजून जमीन गहाण टाकलेली माणसं आम्ही बघितलीयत. ऑपरेशनला मदत देणारी संस्था आणि ऑपरेशनचं सामान विकणारा एकाच टेबलावर बसणार असतील तर कुठल्या हॉस्पिटलला, कुठल्या मालाला मदत जाते हे कोण बघणार.

आता मंडळावर कोण हवं ते सांगते, पेशंटच्या वाटेवर जी जी माणसं भेटतात ती हवीत. आपल्याकडे छातीत दुखायला लागलं की पहिला अर्धा दिवस गॅस म्हणून जातो, सोडा घेतला, ओवा खाल्ला, मग गावातला डॉक्टर, मग रिक्षा की १०८ यावर चर्चा, मग कुडाळ नाहीतर कणकवली, आणि तिथून हायवेने बांबोळी. कॅथलॅब दोन तासांत गाठता येणार नसेल तर रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यावं आणि मग पेशंट पुढे पाठवावा असं शास्त्र सांगतं. गोव्यात ते करून दाखवलंय, छोट्या केंद्रावर ईसीजी काढायचा, तो बांबोळीला पाठवायचा, तिकडचे डॉक्टर वाचून सांगणार आणि इंजेक्शन तिथल्या तिथे. हे जमायला १०८ वरचा डॉक्टर आणि ग्रामीण रुग्णालयाचा मेडिकल ऑफिसर मंडळावर नको का? मुंबईचा कार्डिओलॉजिस्ट कितीही मोठा असला तरी झाराप ते पत्रादेवी पावसात किती वेळ लागतो ते त्याला कसं कळणार.

आणि तुमच्या त्या आठवीतल्या मुलीसारख्या मुली. व्हॉल्व्ह बसवला, पेपरात फोटो आला, संस्थेचं काम झालं. पुढे? मेटलचा व्हॉल्व्ह असला की रक्त पातळ ठेवायला ऍसिट्रोमसारखी गोळी जन्मभर, आणि डोस बरोबर आहे का बघायला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती, टेस्ट सारखी करायची. आयएनआर खाली गेला तर व्हॉल्व्हवर गाठ धरते, वर गेला तर रक्तस्राव. त्या टेस्टसाठी वाडीवरून तालुक्याला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं, मग लोक टेस्ट सोडतात, हळूहळू गोळी पण सोडतात. मुलीचं लग्न ठरताना ऑपरेशन लपवतात, सासरी गोळी चोरून घ्यावी लागते, त्यात दिवस गेले तर ही गोळी बाळाला धोक्याची, आणि हे आधी कोणी सांगितलेलंच नसतं. व्हॉल्व्ह बदलायची वेळ येऊ नये म्हणून रुमॅटिकच्या मुलांना दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन कितीतरी वर्षं द्यावं लागतं, ते दुखतं भयंकर, रिअॅक्शनच्या भीतीने बरेच जण द्यायलाच तयार नसतात, आणि कधी कधी मिळतच नाही. मंडळाने एवढं एक इंजेक्शन तीन जिल्ह्यांत कायम मिळेल आणि द्यायला हात तयार असतील असं बघितलं ना, तर शंभर शिबिरांपेक्षा मोठं काम होईल.

माजी_टीएचओ_सातारा

सिस्टर, तुमचा राग पटतो, पण एक वेगळं म्हणणं मांडतो. मी अशाच एका विभागीय मंडळावर दोन टर्म होतो. एजन्सीवाले, हॉस्पिटलवाले सगळे काढून टाकले तर मंडळ धुतल्या तांदळासारखं होईल, पण हॉस्पिटलचा एक बेड पण मिळणार नाही. मार्ग असा की प्रत्येक सदस्याने दरवर्षी लिहून द्यायचं, आपला धंदा काय, कुठल्या हॉस्पिटलशी-कंपनीशी देणंघेणं काय, आणि त्या विषयाची चर्चा निघाली की त्याने खोलीबाहेर जायचं, तसं इतिवृत्तात लिहायचं. सामान पुरवणाऱ्याच्या बाबतीत मी सिस्टरांच्या बाजूने थोडा जास्त झुकतो, पेशंट निवडीच्या आणि हॉस्पिटल निवडीच्या समितीत त्याला अजिबात घेऊ नये.

आता मंडळ फुकट का जातं ते सांगतो. आमची बैठक २९ सप्टेंबरच्या आसपास, जागतिक हृदय दिनाला लागून. रॅली, फुगे, मान्यवरांचा सत्कार, एवढ्या एवढ्या लोकांचं बीपी तपासलं असा अहवाल, आणि चहा. मी विचारायचो की ज्यांचं बीपी जास्त निघालं त्यांचं पुढे काय झालं, तर कोणाकडे यादीच नसायची. शिबिरात बीपी मोजून चिठ्ठी हातात देऊन घरी पाठवलेला माणूस सहा महिन्यांनी लकव्याने आडवा होतो, आणि संस्थेच्या अहवालात तो लाभार्थी म्हणून मोजलेला असतो!

याच्या उलट आपल्याच जिल्ह्यांत झालेलं काम बघा. २०१७ च्या शेवटी इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह सुरू झालं, महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात आमचा सातारा, तुमचा सिंधुदुर्ग, शिवाय भंडारा आणि वर्धा. त्यात काही चमकदार नव्हतं. प्रत्येक पेशंटचं कार्ड, सगळीकडे एकच ठरलेली औषधपद्धत, बहुतेकांना ॲम्लोडिपिन ५ पासून सुरुवात, महिन्याची गोळी एकदम, आणि आला नाही तर फोन किंवा आशाताई घरी. मोजायचं काय, तर मागच्या भेटीत किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली होतं. किती जण तपासले हे नाही, किती जण ताब्यात आले हे. बाई, तुम्ही मंडळावर जाऊन दर बैठकीत फक्त हा एकच प्रश्न विचारलात, प्रत्येक शिबिरासाठी, प्रत्येक ऑपरेशनसाठी, की पुढे काय झालं, तरी संस्थेला वेगळा हिशेब ठेवायला लागेल. मी विचारत राहिलो, दुसऱ्या टर्ममध्ये त्यांनी एक मुलगी फक्त फॉलोअपचे फोन करायला पगारावर ठेवली. दोन टर्ममध्ये माझ्या हातून झालेलं काम म्हणाल तर तेवढं, आणि मला त्याचं समाधान आहे.

संगमेश्वरचा_बाबा

मी पेशंटच्या बाजूने लिहितो. माझ्या पोराच्या हृदयाला भोक होतं, अंगणवाडीच्या तपासणीत कळलं. हजार बाळांमागे साधारण आठ बाळांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा जरा धीर आला की आपल्याच घरावर काही कोप झालेला नाही. ऑपरेशन योजनेत बसलं, मुंबईला झालं, पोरगं आता शाळेत फुटबॉल खेळतं.

पण ऑपरेशन सोडून बाकीच्या गोष्टींनी आम्हाला मारलं. मुंबईत राहायचं कुठे, बायको पोराजवळ आत आणि मी बाहेर फुटपाथवर, जेवण, रोज कोणतं ना कोणतं झेरॉक्स, घरी म्हातारी एकटी, रोजगार बंद. आधी एका मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलात गेलो होतो, तिथे डिपॉझिट भरा म्हणाले आणि आम्ही मागे फिरलो. धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात, कलम ४१ एए म्हणतात त्याला, आणि त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या फंडात ठेवतात, हे मला सगळं संपल्यावर कळलं. एवढं सांगणारा एक माणूस तेव्हा भेटला असता तर काय पाहिजे होतं.

म्हणून माझं म्हणणं, मंडळावर पेशंटच्या घरचे निदान दोघे घ्या. एकटाच असला तर तो गप्प बसतो, मोठ्या डॉक्टरांपुढे तोंड उघडत नाही. आणि त्यांना येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या, सन्मानचिन्ह नको. बैठक मुंबईत एसी हॉटेलात ठेवली तर संगमेश्वरातून कोण येणार, एक बैठक सिंधुदुर्गच्या मुख्यालयी ओरोसला, एक रत्नागिरीला घ्या की.

एडिसनकर

अमेरिकेतून लिहितोय, इकडची पद्धत सांगतो, उपयोगी पडली तर बघा. अमेरिकन हार्ट असोसिएशन १९२४ ची संस्था, तिची स्थानिक मंडळं सगळी व्हॉलंटियर लोकांची असतात, डॉक्टर, हॉस्पिटलवाले, कंपन्यांचे लोक. पैसा उभा करायची अपेक्षा सदस्यांकडून बऱ्यापैकी असते, हे तुम्ही तुमच्या संस्थेला स्पष्ट विचारून घ्या, की माझ्याकडून देणगी आणायची अपेक्षा आहे का. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलेली लिहून द्यायची पद्धत इकडे रुळलेली आहे, उपचारांच्या गाइडलाइन लिहिणाऱ्या डॉक्टरांचं कोणत्या कंपनीशी काय नातं आहे त्याचा तक्ता गाइडलाइनसोबतच छापतात, त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

आणि मंडळावर आपली माणसं असली की काय फरक पडतो ते पण सांगतो. २०१८ च्या कोलेस्टेरॉलच्या गाइडलाइनमध्ये दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून धरलाय. आमच्या महाराष्ट्र मंडळात चाळिशीतली बारीक अंगाची मुलं, शाकाहारी, दारू नाही, आणि अटॅक येतो, डॉक्टर आधी मानायलाच तयार नसायचे. आता आम्ही ती ओळ दाखवतो आणि तपासण्या मागून घेतो.

कुडाळची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मिस्टरांना सीए साहेबांचं उत्तर वाचून दाखवलं, ते शांत झाले. सिस्टर, तुमचं ते लग्नाचं आणि गोळीचं वाचून मी त्या मुलीच्या आईला लगेच फोन केला. तिला फुग्याने व्हॉल्व्ह उघडून दिला होता, मेटलचा नाही बसवलेला, इंजेक्शन अजून चालू आहे पण मागच्या दोन वेळा तालुक्याला मिळालं नाही म्हणून चुकलं. आईला वाटत होतं मुलगी आता बरी आहे तर चालेल. नाही चालणार हे समजावलं, आणि उद्या मी स्वतः सोबत जातेय ओरोसला.

संस्थेला आज मेल लिहिला. तीन वर्षांचे हिशेब मागितले, काम आणि मुदत लिहून मागितली, पेशंटच्या घरचे दोघे, एक १०८ वाला आणि एक मेडिकल ऑफिसर घ्या असं सुचवलं, एजन्सीच्या मालकांबद्दल पण लिहिलं, तो परिच्छेद पाठवताना हात जरा अडला पण पाठवला. आणि पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पेनिसिलिनचा विषय ठेवा म्हटलं.

हिशेबनीस_पुणे

उत्तम. उत्तर फोनवर आलं तर तुम्ही मेलवर "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" असं लिहून परत पाठवा. हिशेब द्यायला टाळाटाळ झाली तर धर्मादाय कार्यालयात दाखल केलेल्या हिशेबांची प्रत अर्ज करून मागता येते, नोंदणी क्रमांक त्यांच्या पत्रावर छापलेला असेलच.

कुडाळची_बाई

उत्तर आलं. हिशेब पाठवलेत, तुम्ही म्हणालात तसं परिशिष्ट नऊ काढून बसलेय, वैद्यकीय मदतीची ओळ समाधानकारक आहे, प्रचार-प्रसिद्धीची जरा जास्त वाटतेय, ते विचारणार. पेशंटचे दोघे मान्य, मेडिकल ऑफिसर मान्य, १०८ बद्दल बघू म्हणाले. एजन्सीवाल्यांना मंडळावर ठेवतायत पण निवड समितीत नाही, तसं लेखी दिलंय. पहिली बैठक ओरोसला. तेवढ्यावर मी हो कळवलं.

आता मदत हवीय. बैठकीत नुसतं "मिळत नाही" म्हणून चालणार नाही, यादी लागेल. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत ते २१ दिवसांचं इंजेक्शन आणि आयएनआर टेस्ट कुठल्या कुठल्या केंद्रावर होते, कुठे होत नाही, कुठे फक्त ठरावीक वारी, ज्याला जे माहीत असेल ते गावाच्या नावासकट इथे टाका. पेशंटचं नाव कोणी लिहू नका.

सिस्टर_कणकवली

कणकवली, फोंडा, वैभववाडी माझ्याकडे. ड्युटी संपली की दोन-तीन फोन करून आजच टाकते. देवगड-मालवणकडचं कोणी आहे का इथे?

संगमेश्वरचा_बाबा

देवरुख आणि संगमेश्वर मी विचारून सांगतो. आमच्या आशाताईंना सगळं माहीत असतं, त्यांनाच धरतो.